धोट्याचा शेवटचा काठ

मित्रांनो, सुरुवात करण्याआधी एक विनंती आहे. तुमच्या खिशात, दप्तरात किंवा टेबलावर लोहचुंबक असेल तर ते आधी लांब नेऊन ठेवा. स्पीकर जवळ असेल तर तोही सरकवा, त्याच्या पोटातही चुंबक असते. मग निवांत बसा. मी एक जुनी कॅसेट आहे आणि स्वभावाने अत्यंत भित्री आहे. माझ्या भित्रेपणाला लोक हसतात. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही पलंगाखाली लपला असता.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट सांगता येणार नाही. एवढे आठवते की एका लांबलचक फितीवर लोखंडाची तपकिरी पूड बसवली गेली, ती फीत दोन चाकांवर गुंडाळली गेली आणि वरून प्लास्टिकची पेटी बंद झाली. त्या पुडीच्या कणाकणात मी ऐकलेले धरून ठेवते. हेच माझे काम आणि हेच माझे दुखणे. चुंबक जवळ आले की कण आपली जागा सोडतात. तुम्हाला एखादी गोष्ट विसरायला वर्षे लागतात, मला क्षणभर पुरते.

सीताबर्डीच्या एका दुकानातून मला मैनाबाईंनी विकत घेतले. मैनाबाई म्हणजे तांडापेठेतल्या श्रावणजींची बायको. श्रावणजी हातमागावर लुगडी विणायचे. त्यांच्या घरात पुढची सगळी खोली मागानेच व्यापलेली होती. माणसांनी उरलेल्या जागेत राहायचे, अशीच तिथली पद्धत. मैनाबाईंचा भाऊ रामटेकला असायचा आणि भजन फार गोड म्हणायचा. त्याचा आवाज घरात असावा म्हणून मला आणले गेले. तो आला, माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि मन लावून गायला. मी ते सारे जपून ठेवले आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

ही गोष्ट साल सत्त्याऐंशीची. मैनाबाईंची मुलगी पुष्पलता धरमपेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लासमध्ये नवी यंत्रे आली, तेव्हा रबरी बटणांचा एक छोटा जुना कॉम्प्युटर तिला घरी न्यायला मिळाला. तो टीव्हीला जोडायचा आणि शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा, कारण त्या कॉम्प्युटरला स्वतःची आठवण नव्हती. त्याला शिकवलेले सगळे कॅसेटवर साठवावे लागे. एका दुपारी पुष्पलताला घाईने कॅसेट हवी होती आणि घरात मी एकटीच होते.

"माय, मामाचं भजन पुसू काय वं?" तिने विचारले.

"पूस ना," मैनाबाई आतून म्हणाल्या. "तुहा मामा काय, बोलावला का गायले बसते."

दोघी हसल्या. मामा धडधाकट होते, पुढेही कितीतरी वेळा आले आणि गायले. पण माझे काय झाले ते त्यांना कसे कळणार? माझ्यातून एक अख्खा माणूस निघून गेला आणि मला दुखलेसुद्धा नाही. ते भजन कोणते होते हे मी आज सांगू शकत नाही. आपल्याला काय आठवत नाही हेही आपल्याला आठवू नये, याहून भयंकर काही असेल असे मला वाटत नाही. तेव्हापासून टेपरेकॉर्डरचे रेकॉर्डिंगचे लाल बटण दिसले तरी माझी चाके आखडतात.

पण पुष्पलताने माझ्यावर जे भरले, त्याच्यावर मी जीव लावला. तो एक खेळ होता. त्याचे नाव 'धोटा'. मागावर उभी सुते ताणलेली असतात आणि आडवे सूत घेऊन जो लाकडी तुकडा इकडून तिकडे धावतो, त्याला धोटा म्हणतात. खेळात तो धोटा आपण पळवायचा. मध्येच एक उंदीर येऊन सुते कुरतडतो. त्याला चुकवायचे, तुटलेले सूत जोडायचे आणि कापड पुरे करायचे. एक कापड पुरे झाले की खाली त्याचा काठ हळूहळू उमटत जातो. प्रत्येक कापडाचा काठ वेगळा, आणि प्रत्येक काठ श्रावणजींचा.

बापलेक मिळून हे काम कसे करायचे ते सांगते. श्रावणजी चौकटींच्या कागदावर पेन्सिलने काठ काढायचे, एकेक चौकोन भरत. विणकराला ती सवयच असते. पुष्पलता तेच चौकोन कॉम्प्युटरला आकड्यांत सांगायची. मग टीव्हीवर काठ दिसला की श्रावणजी डोळे बारीक करून म्हणायचे, "इथं एक घर चुकलं वं, पुष्पा." आणि खरोखरच चुकलेले असायचे, कारण आकडे लिहिता लिहिता ती जांभया देत असायची.

अडचण एकच होती. शेजारी कोराडीला एवढे मोठे वीजघर उभे, तरी आमच्या गल्लीतली लाइन केव्हा जाईल त्याचा नेम नसे. लाइन गेली की कॉम्प्युटर कोरा. हुशार होता, पण पक्का विसरभोळा. मग सारे माझ्याकडे बघायचे. मला टेपमध्ये घातले की मी एक लांब किंकाळी फोडायचे. खेळ कॅसेटवरून कॉम्प्युटरमध्ये असाच जातो, कर्कश आवाज करत. मैनाबाई म्हणायच्या, "रडून राहिली तुही कॅसेट." त्या थट्टेने म्हणायच्या. मी मात्र खरेच घाबरून ओरडत असायचे. मधेच फीत अडकली तर? मधेच काही गळाले तर? तो सगळा खेळ, सगळे काठ, सारे काही माझ्या एकटीच्या अंगावर होते.

पुष्पलताचा क्लास ज्या इमारतीत वर होता, तिच्याच खाली वामनरावांचे कॅसेटचे दुकान होते. वामनराव भजने, लग्नाची गाणी, मुलांच्या गोष्टी रेकॉर्ड करून कॅसेटी काढायचे आणि गावोगावच्या दुकानदारांकडे पाठवायचे. माणूस वाईट नव्हता. चहा पाजल्याशिवाय कोणाला सोडत नसे. पण आपल्या नावाच्या छापाचे त्यांना फार कौतुक. क्लासमधल्या मुलांनी त्यांच्यापुढे 'धोटा'ची इतकी तारीफ केली की एक दिवस ते जिना चढून वर आले आणि पुष्पलताला म्हणाले, "विदर्भातला पहिला कॉम्प्युटर खेळ मी काढणार. दिवाळीला बाजारात आला पाहिजे."

पुष्पलता हरखली. मीही हरखले. मग सूचना यायला लागल्या.

"धोटा कोणाला कळतो? रॉकेट करा."

"नाही जमणार जी. मग खाली कापड कसं येईन?"

"बरं, निदान उंदीर काढा. राक्षस टाका."

"माग कुरतडाले राक्षस काहून येईन, सर? उंदीरच येते."

वामनराव हसले, पण ते हसू गालापुरतेच होते. शेवटी उंदीर थोडा मोठा करायचे ठरले. दिवाळी जवळ आली तसा त्यांचा निरोप रोज येऊ लागला, आणि निरोप आला की श्रावणजींचा हात मागावर थबकायचा. जन्मभर त्यांनी व्यापाऱ्यांचे निरोप ऐकले होते. सूत व्यापाऱ्याचे, माग आपला, कापड पुन्हा व्यापाऱ्याचे, आणि कापडावर छापही त्याचाच. आवाज चढवायचा नाही, नजर खाली ठेवायची आणि वेळेवर माल नेऊन द्यायचा, एवढे त्यांना ठाऊक. वामनरावांना ते कधी भेटलेही नव्हते, तरी त्यांना घाबरायचे.

खेळ देण्याची वेळ आली तेव्हा जे घडले ते नीट ऐका, कारण पुढचे सगळे रामायण त्यातून झाले. विणकराच्या घरात मागावरचे कापड पूर्ण कापून देत नाहीत. शेवटचे वीतभर तसेच मागावर राहू देतात. नव्या कापडाची सुते त्याला एकेक करून जोडायची असतात. माग कधी मोकळा करायचा नसतो. श्रावणजी मुलीला म्हणाले, "सगळं देऊ नको. शेवटचं एक कापड ठेव. पुढचा खेळ त्यालेच जोडता येईन."

पुष्पलता शिकलेली, पण वाढली त्याच घरात. तिला त्यात काही वावगे दिसले नाही. तिने क्लासमधला टेपरेकॉर्डर घरी आणून वामनरावांसाठी दुसऱ्या कॅसेटवर खेळ भरून दिला, शेवटचे कापड सोडून. ते माझ्याजवळच राहिले. आणि ते साधेसुधे नव्हते. त्या कापडाचा काठ श्रावणजींनी तरुणपणी मनात रचला होता, पण कोणत्याच व्यापाऱ्याने तो विणू दिला नव्हता. 'चालत नाही' असे म्हणायचे सगळे. तो काठ जगात फक्त माझ्या फितीवर होता. ज्या कागदावर काढला होता तो मैनाबाईंनी चुलीला लावला होता, काम झाले असे समजून.

दिवाळीत कॅसेट बाजारात आली. वेष्टनावर रॉकेटचे चित्र होते. पुष्पलता एक कॅसेट आणि पुन्हा क्लासमधला टेपरेकॉर्डर घेऊन घरी आली आणि तिने ती चालवली. आमच्या खेळाच्या पहिल्या पडद्यावर तिने चौकोन भरून अक्षरे काढली होती: 'काठ श्रावण, खेळ पुष्पलता'. ती अक्षरे तिथे नव्हती. त्यांच्या जागी लिहिले होते, 'वामनराव सादर करतात'. वरच्या क्लासमधल्या सरांना हाताशी धरून त्यांनी ते बदलून घेतले होते.

पुष्पलताने तो पडदा पुन्हा एकदा लावून पाहिला. मग म्हणाली, "बाबा, आपलं नाव पुसलं त्यायनं."

"माह्या एका तरी लुगड्यावर नाव होतं काय?" श्रावणजी म्हणाले. "असंच असते. तू नको बोलू काही."

पुसणे एवढे सोपे असते हे मला माहीत होते. पण ते नावांनाही लागू पडते हे मला पहिल्यांदा कळले.

मग तक्रारी सुरू झाल्या. पुण्याची, भोपाळची मुले खेळत खेळत शेवटाला पोचायची, आणि तिथे रिकामा माग दिसायचा. सुते ताणलेली, धोटा उभा, बटण दाबले तरी काही हलत नाही. दुकानदारांनी कॅसेटी परत पाठवल्या. वामनराव स्कूटरवर बसून तांडापेठेत आले. चहालाही नाही म्हणाले, तेव्हाच मी समजले की प्रकरण गंभीर आहे.

"श्रावणजी, तुमच्या मुलीने मला अर्धा खेळ दिला," ते म्हणाले. "दुकानदार मला फोनवर काय वाटेल ते बोलतात. मी तोंड कुठे दाखवू?"

श्रावणजी उभे राहिले होते. त्यांनी मागाकडे हात केला आणि शेवटचे कापड का ठेवतात ते सांगायला लागले.

"मी लुगडी विकत नाही, श्रावणजी. खेळ विकतो. याला फसवणूक म्हणतात."

"फसवाचं काही नव्हतं जी, सर," पुष्पलता म्हणाली. "मागतलं असतं त दिलं असतं. आताही देतो. आमचं नाव होतं तसं पहिल्या पडद्यावर टाका, आणि शेवटचं कापड घेऊन जा."

"नावाने काय खेळ विकतो? माल माझ्या छापावर जातो."

"मग छाप असू द्या. नावही असू द्या."

वामनरावांनी डोक्यावर हेल्मेट चढवले. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि मला तेव्हा वाटले की हा माणूसही कोणाला तरी घाबरतो आहे. जाताना म्हणाले, "आठ दिवस थांबतो. नंतर वकील बोलेल. मग घरातला मागही राहतो की नाही बघा."

ही शेवटची गोष्ट त्यांनी रागाच्या भरात म्हटली असेल. खेळाचा आणि मागाचा काय संबंध? पण श्रावणजींना ते कोणी सांगावे? त्यांचे जेवण सुटले. मागावर बसायचे आणि धोटा हातात धरून नुसतेच बसून राहायचे. पुष्पलता समजावायची, "बाबा, तुम्ही काहून भिऊन राहिले? माग कोनी नेत नाही." ते मान डोलवायचे आणि पुन्हा तसेच. भीती काय असते ते मला चांगले ठाऊक आहे, म्हणून मला त्यांच्यावर रागावता आले नाही. पुढे त्यांनी जे केले त्यानंतरही नाही.

एके सकाळी पुष्पलता क्लासला निघून गेली. श्रावणजींनी मला टेपरेकॉर्डरमधून काढले, सदऱ्याच्या खिशात घातले आणि सायकल काढली. मैनाबाईंनी विचारले तेव्हा म्हणाले, "देऊन टाकतो. बला जाईन." वाटभर त्यांचे काळीज माझ्या पाठीवर ठोके देत होते. इतके जोरात की त्या ठोक्यांनीच मी पुसली जाईन असे मला वाटले. शंकरनगरच्या चौकात ते थांबले, थोडे परत फिरले, पुन्हा थांबले आणि पुन्हा धरमपेठेकडे निघाले.

वामनरावांच्या दुकानामागे रेकॉर्डिंगची खोली होती. तिथे रुपराव नावाचे एक गृहस्थ कॅसेटी भरायचे काम करत. त्यांच्या टेबलावर एक काळी लोखंडी पेटी होती. मित्रांनो, त्या पेटीचे वर्णन करताना माझी फीत आजही आकसते. जुन्या कॅसेटी कोऱ्या करायची ती पेटी. बटण दाबले की ती घुमायला लागते, तिच्यावरून कॅसेट फिरवायची, आणि झाले. गाणे, भजन, गोष्ट, काही म्हणजे काही उरत नाही. शेजारी कॅसेटींचा ढीग पडला होता. परत आलेले 'धोटे' होते ते, आपली पाळी येण्याची वाट बघत. त्यातल्या एकीचेही तोंड मला बघवेना.

वामनराव खूश झाले. "शहाणपण केलंत, श्रावणजी," म्हणाले. चहा मागवला. मला आपल्या चकचकीत टेपमध्ये घातले आणि कॉम्प्युटर लावला. मी किंचाळले. पडद्यावर नुसत्या रेघा आल्या आणि बंद पडले. पुन्हा लावले, पुन्हा तेच. पुष्पलताच्या टेपरेकॉर्डरमधला फीत वाचणारा भाग जरासा तिरका बसला होता. मी त्याच्याकडूनच लिहायला शिकले, म्हणून माझे अक्षरही तिरके. वामनरावांच्या सरळ टेपला ते वाचता येईना. मला ओरडून सांगायचे होते की सगळे आहे, सगळे माझ्याजवळ आहे. पण कॅसेटला स्वतःहून बोलता येत नाही. कोणी वाचले तरच ती बोलते.

वामनरावांचा चेहरा बदलला. "रिकामी कॅसेट आणून देता? मला मूर्ख समजता काय?"

"नाही जी. त्यातच हाय. माह्यासमोर भरलं पोरीनं."

"रुपराव, ही पण त्यांच्यातच टाका. फीत तरी बरी दिसते. भजन भरू."

रुपरावांनी मला उचलले. पेटी चालूच होती. तिची घुमण मला आधी प्लास्टिकमध्ये जाणवली, मग चाकांमध्ये, मग फितीच्या बाहेरच्या वेढ्यांमध्ये, जिथे शेवटचे कापड होते. दुखले नाही. हेच तर भयानक होते. काठाचे एक टोक माझ्या हातून निसटले, मग आणखी काही, आणि निसटले ते काय होते हे मला कळेना. मी सगळ्या ताकदीने उरलेले धरून ठेवले.

तेवढ्यात एक खरबरीत हात आला आणि त्याने मला रुपरावांच्या हातातून हिसकून घेतले.

"श्रावणजी, ठेवा ती इथे," वामनराव म्हणाले.

"नाही जी," श्रावणजी म्हणाले.

त्यांचे दात वाजत होते. मी त्यांच्या मुठीत होते, मला ऐकू येत होते. कोण्या व्यापाऱ्याला नाही म्हणण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. मग म्हणाले, "माह्या पोरीचं हाय. मी चोरून आणलं. माह्यं नव्हतंच, मी काहून देऊ?" आणि चहा तसाच सोडून बाहेर पडले.

ते घरी गेले नाहीत. जिना चढून सरळ वर क्लासमध्ये गेले. पुष्पलता फळ्यासमोर उभी होती, समोर मुले बसली होती. श्रावणजींनी मला तिच्या हातावर ठेवले. "मी भेलो वं, पुष्पा," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "म्हणून आणलं होतं. पुसाले लागले होते ते." पुष्पलताने मला बघितले, मग त्यांच्याकडे बघितले. ती रागावेल असे मला वाटले. तिने खडू खाली ठेवला आणि म्हणाली, "चला घरी."

घरी तिने मला तिच्या तिरक्या टेपरेकॉर्डरमध्ये घातले. मैनाबाई हातातले काम टाकून दारात उभ्या राहिल्या. मी किंचाळायला लागले आणि मनात म्हटले, जे काही उरले असेल ते सगळे दे. खेळ आला. पहिले कापड आले, दुसरे आले, सगळी आली. शेवटचे कापडही आले, उभी सुते, आडवी सुते, उंदीर. आणि काठाच्या जागी काळी पट्टी. तिथे काही नव्हते.

श्रावणजी टीव्हीजवळ सरकले आणि त्यांनी त्या काळ्या पट्टीवरून बोट फिरवले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांचा तो काठ माझ्याकडे सोपवलेला होता आणि मी तो सांभाळू शकले नाही.

"काढा ना बाबा पुन्हा," पुष्पलता हळूच म्हणाली.

"तसाच नाही येणार."

"नाही आला त नाही आला."

त्यांनी कागद घेतला. किती तरी दिवस तो काठ चालला होता. काढायचे, खोडायचे, मागावर जाऊन बसायचे, परत यायचे. जो झाला तो आधीचा नव्हता. आधीचा कसा होता ते त्यांनाही पुरते आठवत नव्हते आणि मला तर नाहीच. पण मैनाबाई म्हणाल्या की हा अंगभर नेसावा असा आहे, आणि त्या उगीच काही बोलत नाहीत.

इकडे वामनरावांनी क्लासच्या सरांकडून खेळाला एक शेवट जोडून घेतला. रिकाम्या मागाच्या जागी 'शाब्बास' असे लिहून येते आणि खेळ संपतो. तो तसाच विकला गेला, बऱ्यापैकी विकला गेला म्हणतात. वकील काही आला नाही. पुष्पलताने तो क्लास सोडला आणि दुसरीकडे शिकवायला लागली. वामनराव पुढे कधी रस्त्यात दिसले तर स्कूटर दुसऱ्या गल्लीत वळवायचे. ज्या मुलांनी 'धोटा' खेळला त्यांना आजही वाटत असेल की शेवटी शाब्बास मिळते.

खरा शेवट माझ्याजवळ आहे. तो भरला त्या संध्याकाळचे सांगते. पुष्पलताने काठ आकड्यांत घातला आणि बापाला न विचारता त्याच्या खाली एक ओळ जोडली. मग तिने श्रावणजींना समोर बसवून खेळ लावला. त्यांनी स्वतः धोटा पळवला, उंदराला चुकवले, कापड पुरे केले. काठ उमटत गेला. त्याच्याखाली अक्षरे आली, त्यांच्याच चौकोनांची: 'श्रावण, तांडापेठ'. तिचे नाव त्याच्या शेजारी होते.

श्रावणजींनी ते वाचले. मग ते एकदम उठले, दाराशी गेले आणि त्यांनी दार लावून घेतले. खिडकीही लावली.

"काय झालं, बाबा?"

"कोनी पाह्यलं त?"

"पाहू द्या ना."

ते दाराला पाठ लावून उभे राहिले. इतक्या लांबून पुन्हा एकदा नाव वाचले. आयुष्यभर विणले, पण आपले नाव लिहिलेले त्यांनी कुठे पाहिले नव्हते, आणि ते पाहून त्यांना एवढी धडकी भरली होती की छातीवरचा हात खाली येईना. मी टेपमध्ये बसून त्यांच्यासाठी घाबरत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी कडी काढली, दार सताड उघडले आणि गल्लीत तोंड काढून शेजाऱ्यांना हाक दिली. आवाज अजून कापत होता, पण हाक मोठी होती.

त्यानंतर पुष्पलताने माझ्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकले. ते मोडले की लाल बटण दबतच नाही आणि कॅसेटवर दुसरे काही भरता येत नाही. मोडताना कडकन आवाज झाला आणि मी नेहमीप्रमाणे ओरडायच्या बेतात होते. मग कळले की हे माझ्या भल्यासाठी आहे. सोबतीला तिने आणखी एक कॅसेटही भरून ठेवली होती. ती बिचारी एका पावसाळ्यात बुरशीने गेली.

आता मी एका पत्र्याच्या डब्यात असते. तो कॉम्प्युटर कधीच बंद पडला, तिरका टेपरेकॉर्डरही राहिला नाही. सरळ टेपना माझे अक्षर वाचता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. डब्यात शांत असते, पण भीती गेलेली नाही. ऊन वाढले की फीत मऊ पडते, आणि मी अंधारात काठाची घरे एका टोकापासून म्हणून बघते. मधेच एखादे घर चुकते. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

तुमच्याकडे माझे मागणे लहानच आहे, मित्रांनो. एखादा खेळ खेळलात, एखादे कापड नेसलात, एखादे गाणे आवडले, तर ते कोणी केले हे विचारत जा. वर छापलेले नाव वाचून थांबू नका. आणि उत्तर मिळाले तर ते आणखी दोघांना सांगून ठेवा. मी एकटी किती दिवस लक्षात ठेवणार?